डोळ्यांचं ठिबक

दुपारचे चार वाजले की मी रडायला लागायचे.

कारण काही नसायचं. ओसरीवर लसूण सोलत बसलेली असो, की शेजारच्या कोकिळाबाईशी गावातल्या लग्नांचा हिशेब चाललेला असो, चार वाजले की दोन्ही डोळ्यांतून धारा सुरू. चेहरा हसरा, बोलणं तसंच चालू आणि गालांवरून पाणी. समोरच्याला वाटावं, ही बाई हसत हसत मरणार आहे.

पहिल्या दिवशी कोकिळा घाबरली. हातातली लसणाची पाकळी तशीच ठेवून म्हणाली, "कायले रडू राह्यली व हेमा? सून काही बोलली का?"

"सून पुण्याला आहे. तिला बोलायला वेळ कुठे?"

"मंग हे कायचं पाणी?"

"ठिबकचं," मी म्हटलं.

तिचा विश्वास बसला नाही. दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं की बोरोल्यांच्या हेमलताला नवऱ्याचा जाच आहे. गावातल्या बायका आमच्या लीलाधररावांकडे अशा बघू लागल्या की बिचाऱ्यांनी डेअरीवर दूध आणायला जायचंच सोडून दिलं.

खरं तर त्यांचा दोष होताही आणि नव्हताही. मुळात भानगड माझ्या नाकाची.

आमच्या यावल तालुक्यात हिवाळा आला की शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. हल्ली केळीवर ड्रोन फवारणी करतात, कापूस वेचायला यंत्र येतं, पण भरिताचं वांगं अजून पळाट्यांवरच भाजावं लागतं. पळाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. त्यांचा धूर वांग्याच्या अंगात मुरला नाही तर ते भरीत नव्हे, नुसता लगदा. मोठी पार्टी असली की माझ्या भट्टीकडे निरोप येतो. गेली कित्येक वर्षं मी त्या धुरात बसते आहे, आणि त्याची किंमत नाकाने चुकवली. शिंका आणि पाणी, पाणी आणि शिंका. भरिताच्या बडगीत, म्हणजे ज्या लांबट लाकडी काठवटीत ते कुटतात तिच्यात, थेंब पडू नये म्हणून मी निम्मा वेळ तोंड फिरवून बसायचे. औषधं झाली, वाफारे झाले, काढे झाले. शेवटी ऑपरेशन. नाकाच्या मागच्या अंगाला एक बारीक नस असते, ती नाकाला 'पाणी सोड' असा हुकूम पोचवते. ती कापली की नाक वाहायचं थांबतं.

नाकाच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की याच नसेतून डोळ्यांचाही हुकूम जातो, त्यामुळे काही दिवस डोळे कोरडे पडतील, क्वचित कोणाचे जास्त दिवसही पडतात. मी मान डोलावली. मला तेव्हा नाकापलीकडचं काही दिसत नव्हतं.

नाक थांबलं, ते असं की कोणी नळच उपटून नेला असावा. झणझणीत शेवभाजी खाल्ली तरी एकदाही नाक ओढावं लागेना. आणि नाक न ओढता शेवभाजी खाण्यात काय मजा असते, हे खानदेशी माणसाला मी काय सांगू?

पण डोळे! पापणीच्या आत कोणी मूठभर वाळू टाकून ठेवावी तसं व्हायचं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, ओल्या बोळ्याने सोडवाव्या लागायच्या. पंख्याचा वारा सुईसारखा टोचायचा. वर्तमानपत्राची एक ओळ वाचली की दुसरी धुरकट. थेंब टाकले की तेवढ्यापुरतं बरं, पुन्हा तेच. इतरांचं महिन्या-दोन महिन्यांत जातं म्हणे. माझं उन्हाळा गेला, पावसाळा निम्मा सरला, तरी गेलं नाही.

मग जळगावला डॉक्टर शबनम तडवींकडे गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर, आमच्याच भागातल्या, न्हावी गावच्या.

"शेतात विहीर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मोटार घरून मोबाइलवर सुरू करता?"

"हे करतात."

"आता समजा, विहिरीला पाणी आहे, मोटार धडधाकट आहे, पण स्टार्टरची वायर उंदराने कुरतडली. पाणी येईल?"

लीलाधरराव पुढे सरकून बसले. या विषयात त्यांना कोणी मागे बसवू शकत नाही.

डॉक्टरांनी माझ्या भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बोट ठेवलं. "ही तुमची विहीर. अश्रूंची ग्रंथी. भरलेली आहे. डोळा कोरडा पडला की मेंदूला कळतं, तीही वायर ठीक आहे. मेंदू हुकूमही सोडतो. पण तो जातो नाकामागून, आणि तिथे वायर तुटलेली आहे. आपण मध्ये पूल टाकू."

त्या पुलाचं नाव होतं पाझर. त्याचे दोन तुकडे. एक मसुरीच्या सालाएवढी चकती, ती नाकपुडीत आत चिकटवायची. धूर, कोरडी हवा, पापणी किती वेळात लवली, सगळं तिला कळतं. दुसरा तांदळाच्या कणीएवढा, तो ग्रंथीजवळ कातडीखाली बसवायचा. चकतीने बिनतारी निरोप धाडला की कणी ग्रंथीला विजेची इवलीशी टिचकी मारते आणि पाणी सुटतं. बॅटरी नाही. श्वास आत जाताना गार असतो, बाहेर येताना गरम, तेवढ्या फरकावर चकती वीज तयार करते आणि कणीलाही पुरवते.

"म्हणजे श्वास चालू आहे तोवर चार्जिंग," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि बंद पडला तर?"

"मग डोळ्यांची तक्रार घेऊन तुम्ही माझ्याकडे येणार नाही."

ही बाई मला तिथेच आवडली.

पाझर बसला. त्याचा कारभार मोबाइलवरून चालायचा, आणि मोबाइल मला बघवत नव्हता. पडद्याकडे बघताना माणूस पापणी लवायचंच विसरतो, त्यामुळे दोन मिनिटांत डोळ्यांची आग व्हायची. म्हणून कारभार यांच्या फोनवर गेला, आणि दुसरी किल्ली पुण्याला आमच्या मुलाकडे, लोकेशकडे. माझे डोळे, आणि मोटार सुरू करायला दोन पुरुष.

पाझरने पहिल्याच दिवशी यांना विचारलं होतं: मी स्वतः शिकू का? चार-सहा आठवड्यांत त्या माणसाला कधी किती पाणी लागतं ते यंत्र आपोआप शिकतं. पण लीलाधररावांनी जन्मभर केळीला ठिबकने पाणी दिलेलं. प्रत्येक झाडाला थेंब मोजून आणि वेळ ठरवून. "यंत्राला काय कळतं?" म्हणाले. "पाण्याची पाळी लावून द्यावी." आणि लावली. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी आणि दुपारी चारला. चारलाच का? तर चारला खालच्या मळ्यातल्या केळीचं पाणी सुरू करायचं असतं, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कामं उरकतात.

असं माझं रडणं केळीच्या वेळापत्रकाला बांधलं गेलं.

लोकेशची तऱ्हा वेगळी. तो व्हिडिओ कॉल करायचा, माझे लाल डोळे बघायचा आणि बोलता बोलता तिकडून पाणी वाढवायचा. मी "जेवलास का रे" विचारतेय तोवर गाल ओले. हे इकडून कमी करायचे. तो पुन्हा वाढवायचा. बापलेकांची रस्सीखेच, आणि दोर माझ्या डोळ्यांत.

पण त्याची भीती खोटी नव्हती. मधल्या तपासणीत बुबुळावर बारीक चट्टे दिसले होते. तेव्हापासून त्याने एकच धरलं. "आई, भट्टी बंद कर. भुसावळचा एक हॉटेलवाला तुझ्या नावाने वांगी विजेवर भाजून विकायला तयार आहे. तू पुण्याला ये."

"विजेवर?"

"आई, मला आंधळी आई नको आहे."

पण भट्टी गेली तर मागे राहते ती कोण, हे मला ठाऊक नव्हतं. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं तोंडात घालायचं. गावच्या नैवेद्याचं भरीत माझ्या भट्टीवर होतं, तिथूनच माझा हंगाम सुरू होतो. या वर्षी भट्टी पेटली नाही तर ती पुन्हा कधीच पेटणार नाही, एवढं मला कळत होतं.

एका दुपारी यांच्याशी यावरून कडाक्याचं भांडण झालं. हेही लोकेशच्या बाजूला गेले होते. मी आवाज चढवला, यांनी चढवला, मांजर उठून बाहेर गेलं. आणि अचानक हे माझ्याकडे बघून थांबले. खुर्चीत बसले. एकदम मऊ आवाजात म्हणाले, "रडू नको. पेटव भट्टी. मी लोकेशला समजावतो."

मला गहिवरून येणार होतं, तेवढ्यात नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार वाजले होते. यांनीच लावलेली पाळी, आणि हेच विरघळले! मी डोळे पुसले नाहीत. आलेलं पाणी वाया कशाला घालवा?

दिवाळी झाली आणि आमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या. तापीबाई. सकाळी चहाला उठल्या नाहीत, इतकंच. मी नवी नवरी असताना मला भट्टीशी बसवून भरीत शिकवणाऱ्या त्याच. "घड्याळ बघू नको, देठ बघ," म्हणायच्या. "देठाशी थेंब आला की वांगं झालं."

मी त्यांच्या पायांशी बसले होते. छातीत असं काही दाटलं होतं की श्वास पुरेना. आणि डोळे ठणठणीत कोरडे. माझ्या पाण्याची वेळ नव्हती ती. आजूबाजूच्या गावांतून बायका येत होत्या, दारातूनच हंबरडा फोडत होत्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मागून कुजबुज ऐकू आली. आवाज कोकिळाचाच.

"रोज चारला रडते माय. आज टिपूस नाही."

तेवढ्यात धारा लागल्या. दोन्ही डोळ्यांतून, भरपूर. बायकांचे चेहरे निवळले, कोणीतरी माझी पाठ चोळायला लागलं. मी पदराने पुसायच्या आधी दाराकडे बघितलं. बाहेर पुरुषांच्या घोळक्यात हे अर्धवट पाठ करून उभे होते. हातात फोन.

मला राग यावा की माया, तेच कळेना. बायकोला कोणी नाव ठेवू नये म्हणून त्या माणसाने भर दुःखात आठवणीने बटण दाबलं होतं. पण माझ्या तापीबाईंसाठी आलेलं पाणी यांच्या अंगठ्याने आलं होतं.

सगळं उरकून घरी आल्यावर मी हात पुढे केला. "फोन द्या."

"अगं, लोक बोलत होते..."

"बोलू द्या. तापीबाईंना माझे कोरडे डोळे चालले असते."

यांनी गुपचूप फोन दिला. मग दुसऱ्या किल्लीसाठी पुण्याला फोन लावला.

"मला तुझ्या मोबाइलमधून काढ."

"आई, काहीतरीच काय! मी तुझ्या काळजीने..."

"लोकेश, लहानपणी तुझं नाक मी पुसलं. पण ते कधी वाहायचं, हे तुझं तूच ठरवायचास."

पलीकडे सून हसल्याचं ऐकू आलं. किल्ली सुटली.

दुसऱ्याच दिवशी मी यांना घेऊन जळगाव गाठलं आणि डॉक्टर तडवींना सरळ विचारलं, "माझी स्वतःची वायर परत येईल का?"

त्यांनी पाझरच्या नोंदी पडद्यावर काढल्या. बराच वेळ बघत राहिल्या, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा बघितल्या. "ही दोन पाळ्यांमधली जागा बघा. यंत्र गप्प आहे, तरी किंचित ओल आहे. म्हणजे नस वाढते आहे. कापलेल्या टोकातून कोळ्याच्या धाग्यासारखे तंतू फुटतात. पण जिथून बोलावणं येतं तिकडे ते जोमाने वाढतात. पाझर दर वेळी आधीच पाणी सोडत असेल, तर बोलावणं जातच नाही. आपण त्याला मागे बसवू. बुबुळाला इजा होईल असं दिसलं तरच तो उठेल, आणि उठला की फोन वाजेल. पण तोवर आग होईल. भरपूर."

"म्हणजे ताण द्यायचा!" लीलाधरराव एकदम बोलले. "मोसंबीला देतो तसा. पाणी तोडायचं, मग झाड बहरतं."

डॉक्टर हसायला लागल्या. "माझे वडील लिंबाला ताण देतात. माझ्याही तेच ओठांवर आलं होतं, पण डॉक्टरने असं बोलावं का म्हणून थांबले." मग त्यांचं हसू गेलं. "ताण जास्त झाला तर झाड जातं, हेही तुम्हाला माहीत आहे. जखम खोल गेली तर भट्टी कायमची बंद. तेव्हा मी तुमचं ऐकणार नाही."

मी लोकेशला सांगितलं. तो म्हणाला, "चंपाषष्ठीला मी येतो. भट्टीवर तो फोन एकदा जरी वाजला..."

"तर भट्टी बंद. कबूल."

ते दिवस सोपे नव्हते. सुरुवातीला फोन दिवसातून कितीदा तरी वाजायचा, आणि दर वेळी हरल्यासारखं वाटायचं. घरातले पंखे बंद. झोपताना पापण्यांवर कोमट फडकं. पापणी लवायचा सरावच सुरू केला. भाकरी थापताना दर भाकरीला डोळे घट्ट मिटायचे, मग सैल सोडायचे. बाहेर जाताना यांचा फवारणीचा चष्मा.

"काय व, ड्रोन उडवायले निघाली का?" कोकिळा म्हणाली. तापीबाईंच्या दारातली कुजबुज मी ऐकली होती हे तिलाही कळलं होतं बहुतेक, कारण त्या आठवड्यात तिने दोनदा खिचडी आणून दिली.

यांचे हात मात्र सुने पडले. फोन नाही, बटण नाही. चार वाजले की अस्वस्थ व्हायचे, उठून मळ्यात जायचे, केळीचे व्हॉल्व्ह विनाकारण उघडझाप करून यायचे. एके दिवशी तिथून परत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "जळतंय का गं?"

इतके महिने ते फोनकडे बघून सांगायचे की मला कसं वाटतंय. पहिल्यांदा मला विचारलं.

"जळतंय," मी म्हटलं. मग हे उठले आणि फडकं कोमट करून घेऊन आले. ते नीट पिळलं नव्हतं, पाणी मानेपर्यंत आलं, पण मी ते तसंच डोळ्यांवर धरलं. हळूहळू फोनचं वाजणं विरळ झालं. मग काही दिवस वाजलाच नाही. पण तेव्हा मी घरात होते. धूर अजून यायचा होता.

चंपाषष्ठीला लोकेश सकाळीच आला, परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा घेऊन. भट्टीपाशी गल्ली जमली होती. हिरवी-पांढरी वांगी तेल लावून ठेवलेली, पळाट्यांचा भारा रचलेला. मी फोन कमरेला खोचला आणि काडी ओढली.

पळाट्या पेटतात त्या तडतडत, आणि धूर आधी माणसाकडे येतो, मग आभाळाकडे जातो. वांगी टाकली. वाफेने चष्मा धुरकटला. देठ दिसेना. देठ दिसत नाही तर मी तिथे बसून काय उपयोग? चष्मा काढला.

"आई!" लोकेश ओरडला.

"कमरेकडे बघ, तोंडाकडे बघू नकोस."

आग झाली, खोटं कशाला सांगू. पापण्यांच्या आत निखारे फिरत होते. मी मिटले, सोडले, मिटले, सोडले. फोन गप्प. पहिल्या वांग्याच्या देठाशी थेंब आला. उलथलं. दुसऱ्याच्या आला. लोकेशची नजर माझ्या कमरेवर खिळलेली. शेजारी कोकिळाने बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण घेऊन कुटायला सुरुवात केली आणि तिचा खकाणा धुरात मिसळून थेट माझ्यावर आला.

आणि नाकात, खूप आत, काहीतरी हुळहुळलं.

मी थांबले. ही ओळखीची गोष्ट होती. फार जुनी. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ऊन ऊन काहीतरी भरलं आणि गालावर उतरलं. मग डावा.

लोकेश बापाकडे वळला. "पप्पा, तुम्ही..."

लीलाधररावांनी पोलिसाने पकडल्यासारखे दोन्ही रिकामे हात वर केले.

मी कमरेचा फोन काढून लोकेशच्या हातात दिला. त्याने बघितलं. डोळे चोळून पुन्हा बघितलं. मोठ्याने वाचलं, "पाझर विश्रांतीत आहे."

"म्हणजे?" कोकिळाने कुटणं थांबवून विचारलं.

"म्हणजे हे यंत्राचं नाही," लोकेश म्हणाला. "हे आईचं आहे."

आणि मला सणसणीत शिंक आली. नाक वाहायला लागलं. जे नाक बंद करायला मी नस कापून घेतली होती, ते भर गल्लीत, देवाच्या नैवेद्यासमोर, खुशाल वाहायला लागलं आणि मी हसत सुटले. थोडं तोंड फिरवून बसावं लागेल, एखादा रुमाल जास्त लागेल. लागू दे.

"नाक वाहिलं म्हणून नाचणारी पहिलीच बाई पाहिली माय," कोकिळा म्हणाली, आणि मुसळ टाकून मला मिठी मारली.

पाणी थांबत नव्हतं. धुराचं होतं, मिरचीचं होतं. मग देठाशी आणखी एक थेंब दिसला, तापीबाई आठवल्या, आणि त्या दिवशीचं राहिलेलं सगळं आलं. कोणी बटण न दाबता, माझ्या वेळेला.

लोकेशने खिशातून रुमाल काढला, माझं नाक पुसलं आणि बाह्या वर करून बडगीशी बसला. "हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवतो," म्हणाला. "पण चष्म्याला वाफ न धरणारी काच मी आणणार, आणि ती तू घालणार."

"घालीन."

नैवेद्य दाखवला. पहिला घास खाल्ला, नाक ओढलं. काय सांगू ती चव!

हे भट्टीच्या पलीकडे उभे होते, पळाट्या सारायचं निमित्त करून. दोन्ही गाल ओले. धूर तर केव्हाच आभाळाकडे गेला होता.

मी विचारलं, "तुमची मोटार कोणी सुरू केली हो?"